अनाथाच्या चेहऱ्याची मालकी

जून महिना लागला, की आपल्याकडील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक ठराविक छायाचित्र दिसू लागते. टेबलावर वह्यांचे गठ्ठे, मागे संस्थेच्या नावाचा फलक, मध्यभागी हार घातलेले प्रमुख पाहुणे, त्यांच्या दोन्ही बाजूंना पदाधिकारी आणि या सर्वांच्या पुढ्यात एक लहान मुलगा. वहीचे एक टोक पाहुण्यांच्या हातात असते, दुसरे मुलाच्या. छायाचित्रकाराने थांबायला सांगितल्यामुळे ती वही दोघांच्या मध्ये अडकून राहिलेली असते. खालच्या ओळीत पाहुण्यांचे, अध्यक्षांचे, चिटणिसांचे आणि क्वचित आभारप्रदर्शन करणाऱ्यांचेही नाव येते. मुलाचा उल्लेख मात्र 'गरीब व होतकरू विद्यार्थी' एवढाच असतो. पाहुणे भिंगाकडे पाहत असतात; मुलगा बहुधा वहीकडे.

हा प्रकार हास्यास्पद म्हणून सोडून देता आला असता. पण याच छायाचित्राचे एक अधिक देखणे आणि म्हणूनच अधिक प्रभावी भावंड आहे. निराधार बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या अहवालांच्या मुखपृष्ठांवर, दिनदर्शिकांवर, देणगीच्या आवाहनपत्रांवर आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ते दिसते. एकट्या मुलाचा चेहरा, थेट आपल्याकडे रोखलेले डोळे, मागचे सर्व काही धूसर. छायाचित्रकाराने पुष्कळदा एक पैसाही न घेता काम केलेले असते. त्याचा हेतू निर्मळ असतो. संस्थेचाही असतो. छायाचित्र पाहून पैसा येतो आणि त्या पैशातून मुलांना दूध, औषधे, पुस्तके मिळतात. मग तक्रार कशाची? तक्रार एवढीच, की या व्यवहारात ज्याची वस्तू बाजारात गेली, त्याला कोणी विचारलेले नसते. निराधार मुलाजवळ घर नसते, नातलग नसतात, पुष्कळदा आडनावही नसते. स्वतःचा म्हणावा असा चेहरा तेवढा असतो, आणि नेमका तोच त्याच्या नावे जमणाऱ्या निधीचे भांडवल ठरतो.

या भांडवलाचा पहिला मोठा व्यवस्थापक म्हणून लंडनच्या डॉ. टॉमस बर्नार्डो यांचे नाव घ्यावे लागेल. पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तीत त्यांनी १८७० मध्ये मुलांसाठी वसतिगृह उघडले आणि १८७४ मध्ये संस्थेचा स्वतंत्र छायाचित्र विभाग सुरू केला. दाखल होणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेण्याची ही पद्धत बर्नार्डो यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०५ पर्यंत चालू राहिली आणि तोवर पंचावन्न हजारांहून अधिक छायाचित्रे जमा झाली. यांतील काही निवडक छायाचित्रांच्या जोड्या करून त्यांची पत्रे छापली जात. एका चित्रात फाटक्या कपड्यांतला, अनवाणी, केस विस्कटलेला पोर. दुसऱ्यात तोच स्वच्छ गणवेशात, हातात हत्यार घेऊन कामाला लागलेला. एक पत्र सहा पेन्सना आणि वीस पत्रांचा संच पाच शिलिंगांना मिळे. घाऊक खरेदीवर सवलत देण्याचे तत्त्व करुणेच्या बाजारातही लागू पडते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्यासारखे आहे.

पुढे वाद उद्भवला. संस्थेचा कारभार, मुलांना मिळणारी वागणूक आणि ही छायाचित्रे यांवर जाहीर आरोप झाले आणि १८७७ मध्ये प्रकरण लवादापुढे गेले. मुलांचे कपडे छायाचित्रासाठी मुद्दाम फाडले, 'आधीची' अवस्था होती त्याहून दारुण करून दाखवली, असा आक्षेप होता. बर्नार्डो यांचा बचाव असा होता, की अमुक एका मुलाची हुबेहूब स्थिती दाखवणे हा आपला हेतू नव्हताच. ते चित्र त्या प्रकारच्या सर्व मुलांचे प्रतिनिधी होते. लवादाने त्यांना बहुतेक आरोपांतून मुक्त केले, परंतु छायाचित्रांच्या बाबतीत 'कलात्मक कल्पिताचा' हा वापर दोषास्पद ठरवला आणि बर्नार्डो यांनी अशा जोड्या काढणे थांबवले.

या निवाड्यात एक बाजू तपासली गेली: चित्र खरे की खोटे? दुसरा प्रश्न मागेच राहिला. समजा प्रत्येक चित्र अक्षरशः खरे असते, मुलगा खरोखरच तशा चिंध्यांत सापडला असता, तर ते सहा पेन्सना विकण्याचा अधिकार कोणाचा? त्या मुलीला किंवा मुलाला पुढे त्याच शहरात राहायचे होते, नोकरी शोधायची होती, संसार करायचा होता. खोट्या चित्राने निदान 'ती मी नव्हेच' असे म्हणण्याची सोय तरी ठेवलेली असते. खऱ्या चित्राने तीही नाही.

चेहऱ्याला एवढे मोल का येते, याचे उत्तर अर्थशास्त्राने बरेच उशिरा शोधले. पुढे २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवलेले टॉमस शेलिंग यांनी १९६८ मधील एका निबंधात निरीक्षण नोंदवले होते. सहा वर्षांच्या एका मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत असे कळले, तर टपाल कचेरीत नाण्यांचा पाऊस पडेल. पण कर न वाढवल्यास राज्यातील रुग्णालयांची स्थिती खालावून टाळता येण्याजोगे मृत्यू थोडेसे वाढतील असे सांगितले, तर फारसे कोणी अश्रू ढाळणार नाही. पुढे २००७ मध्ये स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या तीन संशोधकांनी हेच प्रयोगाने पडताळले. सहभागी झालेल्यांच्या हाती पाच डॉलर दिले आणि त्यांतून दान मागितले. आफ्रिकेतील उपासमारीची आकडेवारी वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. माली देशातील रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचे चित्र आणि हकिगत पाहिलेल्यांनी २.३८ डॉलर दिले. खरी मौज पुढेच आहे. मुलीच्या हकिगतीला आकडेवारीची जोड दिली, तेव्हा दान वाढले नाही, ते १.४३ डॉलरवर घसरले. विचार जागा झाला, की हात आखडतो.

वर्गात हे आकडे सांगितले, की विद्यार्थी हसतात. संस्थाचालकांना मात्र ते पुस्तक न वाचताही पाठ असतात. म्हणूनच आवाहनपत्रात पट, खर्च, शिल्लक यांचा तक्ता शेवटच्या पानावर जातो आणि चेहरा पहिल्या पानावर येतो. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण महिनाअखेरीस किराणा दुकानदाराची उधारी, स्वयंपाकीणबाईंचा पगार आणि विजेचे देयक एकदम समोर उभे राहते आणि अनुदानाचा हप्ता वेळेवर येईलच अशी खात्री नसते, तेव्हा दुप्पट देणगी आणणारे साधन दूर सारा, असा उपदेश घरबसल्या करणाऱ्याने जरा जपूनच करावा. शिवाय आता २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक दायित्वाचा खर्च बंधनकारक केला आहे. देणारी कंपनी आपल्या अहवालासाठी 'लाभार्थ्यांची छायाचित्रे' मागते, आणि मागणाऱ्याला नाही म्हणण्याइतकी आपली आर्थिक ऐपत आहे, असे सांगू शकणाऱ्या संस्था किती निघतील?

चित्राने इतिहासात मोठी कामे केली आहेत, हेही नाकारता येणार नाही. पहिले महायुद्ध संपल्यावरही दोस्त राष्ट्रांनी शत्रुदेशांची नाकेबंदी चालू ठेवली होती. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब या बाईंनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उपासमारीने खंगलेल्या ऑस्ट्रियन बालकाचे चित्र असलेली पत्रके वाटली. त्यांच्यावर खटला झाला आणि पाच पौंड दंड झाला. सरकारी वकिलांनी तेवढीच रक्कम त्यांच्या हाती ठेवली आणि ती त्यांच्या कार्याला मिळालेली पहिली देणगी ठरली. त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही संस्था उभी राहिली आणि जेब यांनीच तयार केलेला बालहक्कांचा जाहीरनामा १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने स्वीकारला.

अमेरिकेत लुईस हाइन या शिक्षकाने १९०८ पासून राष्ट्रीय बालश्रम समितीसाठी गिरण्यांतील, खाणींतील, काचकारखान्यांतील मुलांची हजारो छायाचित्रे घेतली. कारखान्यात शिरण्यासाठी तो कधी विमा एजंट बने, कधी बायबल विक्रेता. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी आणि वय, कामाचे तास यांची नोंद खिशातल्या वहीत करी. १९१६ मध्ये बालमजुरीवर संघराज्याचा कायदा झाला, १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि अखेर १९३८ च्या कायद्याने निर्बंध आले. हाइनची चित्रे पाहून कोणी दयेने चार आणे टाकावेत ही अपेक्षा नव्हती. ती पाहणाऱ्याला विचारत होती, की हे तुमच्या राज्यात चालते कसे? जेबबाईंचे पत्रकही नाकेबंदी करणाऱ्या सरकारवर बोट ठेवत होते. आपल्याकडच्या आवाहनचित्रात असे कोणीच आरोपी नसते. मूल तिथे कसे आले, त्याच्या आईबापांचे काय झाले, ऊसतोडीला गेलेली वस्ती ओस का पडली, हे काही त्या धूसर पार्श्वभूमीत दिसत नाही. दिसतो तो गरजू आणि त्याच्यापुढे आपण, उदार. चेहरा एकच, पण हाइनच्या चित्रात तो साक्षीदाराचा आहे, आवाहनपत्रातला याचकाचा आहे.

महाराष्ट्रात निराधार बालकांच्या सेवेची सुरुवात चेहरा दाखवून नव्हे, तर झाकून झाली, हे आपण विसरून गेलो आहोत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवेने तेथे यावे, निर्धास्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. तिचे नाव बाहेर फुटणार नाही, हा त्या घराचा पाया होता. गुप्तता हीच तेथील पहिली सेवा होती. तेथे जन्मलेल्या एका मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेऊन यशवंत हे नाव दिले आणि तो पुढे डॉक्टर झाला. पंढरपूरला १८७५ मध्ये सुरू झालेल्या बालकाश्रमामागेही हीच जाणीव होती. म्हणजे ज्या सुमारास लंडनमध्ये पत्रांचे संच छापले जात होते, त्याच सुमारास आपल्याकडे, अत्यंत तुटपुंज्या साधनांनिशी, मुलाची ओळख राखणे हेच त्याचे रक्षण मानले जात होते. त्या काळी छायाचित्रे घेणे खर्चाचे होते म्हणून हे घडले, असे कोणी म्हणेल. नाव तर फुकट छापता आले असते. तेही छापले गेले नाही. पुढे धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमासाठी आयुष्यभर वर्गणी गोळा केली ती स्वतःचा चेहरा घेऊन, गावोगाव पायपीट करून, आणि रुपया-आठ आण्यांचा हिशेब छापून.

आजचा कायदा, नकळत का होईना, फुल्यांच्या बाजूने उभा आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ अन्वये, चौकशी, तपास किंवा न्यायिक कार्यवाहीसंबंधीच्या कोणत्याही वृत्तात काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील देता येत नाही, त्याचे चित्रही प्रसिद्ध करता येत नाही. मुलाच्या हिताचे आहे अशी समितीची खात्री झाली आणि तिने कारणे लिहून परवानगी दिली, तरच अपवाद. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आमचा अहवाल म्हणजे काही चौकशीचे वृत्त नव्हे, असा युक्तिवाद एखादा चतुर विश्वस्त करील. परंतु अशा संस्थेतील मूल बाल कल्याण समितीच्या चौकशीतूनच तेथे आलेले असते. वृत्तपत्राने त्याचे चित्र छापू नये आणि त्याला सांभाळणाऱ्यांनी मात्र ते दिनदर्शिकेवर बारा महिने टांगावे, हा तर्क निदान माझ्या गळी उतरत नाही.

दत्तकाच्या क्षेत्रात हा फरक फार स्पष्ट दिसतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात २००१ मध्ये एक उपक्रम सुरू झाला. नामवंत छायाचित्रकारांनी पालकांची वाट पाहणाऱ्या मुलांची उत्तम व्यक्तिचित्रे घेतली आणि ती कलादालनात मांडली गेली. 'हार्ट गॅलरी' नावाने ही कल्पना त्या देशात सर्वत्र पसरली आणि थोराड झालेल्या, भावंडांसह असलेल्या, सहसा कोणी न निवडणाऱ्या मुलांना तिच्यामुळे घरे मिळाली. सरकारी फायलीतले निर्जीव चित्र आणि हसणाऱ्या, आवडता चेंडू हाती धरलेल्या मुलाचे चित्र यांत अंतर पडणारच. आपल्याकडे मात्र केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पद्धतीत मुलाचे छायाचित्र, अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दाखवले जातात ते नोंदणी करून पात्र ठरलेल्या पालकांनाच. छायाचित्र उत्तम हवे, हे अमेरिकेकडून घ्यावे. ते कोणी पाहावे, याबाबत आपली पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते.

यात खर्च कोणाचा होतो, हे पाहण्याची सवय अर्थशास्त्राने लावली आहे. कारखान्याचा धूर शेजारच्या वस्तीच्या छातीत जातो आणि कारखान्याच्या ताळेबंदात त्याची नोंद नसते. त्याला आम्ही बाह्य खर्च म्हणतो. आवाहनचित्राचा खर्चही असाच बाहेर जातो. देणगीदाराला पावती मिळते, छायाचित्रकाराला नाव मिळते, संस्थेला निधी मिळतो, मुलाला दूधही मिळते, हे खरेच. पण वर्गातल्या सोबत्याने ते चित्र ओळखले, पंधरा वर्षांनी नोकरीच्या ठिकाणी कोणी ते भ्रमणध्वनीवर शोधून काढले, लग्नाची बोलणी चालू असताना ते समोर आले, तर होणारी घालमेल एकट्याची असते. पूर्वी अहवाल रद्दीत जात आणि काळ थोडी दया दाखवी. आता चित्र रद्दीत जात नाही.

मग छायाचित्रकाराने आपली कला या कामी लावूच नये काय? अवश्य लावावी. प्रश्न आहे तो भिंगासमोर कोणाला बसवायचे हा. युनिसेफची पहिली शुभेच्छापत्रे १९४९ ची. त्यांवर भुकेल्या मुलाचा चेहरा नव्हता. युद्धानंतर युनिसेफची मदत पोचलेल्या झेकोस्लोव्हाकियातील एका गावच्या यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने आभारादाखल काढलेले, खांबाभोवती नाचणाऱ्या मुलांचे चित्र होते. आपल्या मुंबईत रिपन कपूर या विमानसेवेतील तरुणाने सहा मित्रांसह पन्नास रुपयांच्या भांडवलावर १९७९ मध्ये 'क्राय' ही संस्था काढली. तिचीही शुभेच्छापत्रे घराघरांत पोचली. अनेकांनी संस्थेचे नाव प्रथम वाचले ते त्यांवरच. अमेरिकेत २००८ मध्ये जेरेमी कॉवर्ट या छायाचित्रकाराने उलटीच रीत घातली: गरजूंचे चित्र घ्यायचे नाही, द्यायचे. त्यांना सन्मानाने बसवून व्यक्तिचित्र काढायचे आणि प्रत त्यांच्याच हाती ठेवायची. कोलकात्याच्या सोनागाछीत झाना ब्रिस्की यांनी तेथील मुलांच्या हाती कॅमेरे दिले, त्यांनी घेतलेली छायाचित्रे विकून त्यांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला. ही कल्पना सुंदर होती. तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला २००५ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्या चित्रपटात मात्र त्याच मुलांचे चेहरे जगभर गेले. हाती एक कॅमेरा दिला, आणि दुसरा रोखलेलाच राहिला.

आपल्या तालुक्याच्या गावी याहून साधी गोष्ट करता येईल. भ्रमणध्वनीमुळे स्टुडिओंचा धंदा बसला असला, तरी पासपोर्टच्या आणि लग्नाच्या छायाचित्रांवर तग धरून असलेले हाडाचे कारागीर अजून आहेत. अशा एखाद्या छायाचित्रकाराने दिवाळीच्या आधीचे दोन रविवार संस्थेला द्यावेत. गावातील कुटुंबांनी, निवृत्त शिक्षकांनी, आजी-आजोबांनी नवे कपडे घालून यावे, रीतसर व्यक्तिचित्र काढून घ्यावे आणि त्याचे मूल्य थेट संस्थेच्या खात्यात भरावे. देणारा स्वतः भिंगासमोर बसतो, स्वतःच्या चेहऱ्याचे पैसे मोजतो आणि चित्र घरी भिंतीवर लावतो. आपल्या जुन्या संस्थांच्या सभागृहांत देणगीदारांच्या तसबिरी लावण्याची प्रथा होती. त्या रांगांची आपण थट्टा करतो, पण तिथे निदान ज्याने दिले त्याचा चेहरा लागे, ज्याने घेतले त्याचा नाही.

आणि त्याच रविवारी संस्थेतील मुलांचीही छायाचित्रे घ्यावीत. अहवालासाठी नव्हेत, त्यांच्यासाठी. तुमच्याआमच्या घरात बारशापासूनच्या छायाचित्रांचा ढीग असतो. ज्याला घर नाही, त्याला सातव्या वर्षी आपण कसे दिसत होतो हे सांगणारे कोणी नसते. बर्नार्डो यांच्या त्या पंचावन्न हजार छायाचित्रांचा आजचा उपयोग हाच आहे. तेथे वाढलेल्यांचे नातू-पणतू संस्थेकडे अर्ज करतात आणि आपल्या पूर्वजाचा बालपणीचा चेहरा पहिल्यांदा पाहतात. सहा पेन्सच्या पत्रांसाठी जो विभाग निघाला, त्याची दाखल-नोंदवहीच शेवटी मोलाची ठरली.

अठरा वर्षे पूर्ण झाली, की आपल्याकडे मुलाला बालगृह सोडावे लागते. जाताना त्याच्या हाती एक लखोटा देतात. त्यात शाळा सोडल्याचा दाखला, आधारपत्र, बँकेचे पुस्तक असे कागद असतात. वर्षाला एक याप्रमाणे दहा-बारा छायाचित्रे, मागे तारीख घालून, त्याच लखोट्यात ठेवायला संस्थेला चहापाण्याच्या खर्चाहून अधिक पडू नये.